रेडिएटरचे पाणी आणि सरबताची बाटली

एप्रिल-मे महिन्यांत कसारा, खंबाटकी किंवा वरंध घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्या हमखास दिसतात. इंजिन तापलेले, खालून पाणी गळते आहे आणि चालक बाटली हातात घेऊन गाडी निवण्याची वाट पाहतो आहे. अशा गाडीच्या मालकाला सल्ल्यांची कधीच टंचाई नसते. कोणी म्हणतो, रेडिएटरमध्ये व्हिनेगर घाल आणि रात्रभर ठेव. कोणी लिंबूसत्त्व सुचवतो, कोणी धुण्याचा सोडा, कोणी भांडी घासायचे लिक्विड, तर कोणी थेट संडास साफ करायचे ॲसिड. गॅरेजवाल्याला पैसे कशाला द्यायचे, सगळे घरातच तर आहे!

आरोग्याच्या सदरात रेडिएटर कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. या कामात होणाऱ्या इजा शेवटी आमच्याकडे, रुग्णालयाच्या अपघात विभागात येतात. भाजलेला चेहरा, ॲसिड उडालेला डोळा, वायू नाकात जाऊन घुसमटलेला माणूस आणि क्वचित, पण सर्वांत गंभीर, रंगीत पाणी प्यालेले मूल. माझे म्हणणे थोडक्यात असे की, जुनी गाडी घरी साफ करण्यात गैर काही नाही. ज्याच्या पोटापाण्याचा व्यवसाय एका जुन्या टेम्पोवर चालतो, त्याने चार पैसे वाचवू नयेत असे मी म्हणणार नाही. पण ‘घरगुती’ या शब्दावर आपण टाकतो तो विश्वास अनाठायी आहे. आणि या कामातला सर्वांत घातक पदार्थ बहुधा आपण रेडिएटरमध्ये घालत नाही, त्यातून बाहेर काढतो.

थर कशाचा, आणि तो निघतो कसा?

रेडिएटर म्हणजे पातळ नळ्यांची जाळी. इंजिनातली उष्णता पाणी शोषून घेते, ते पाणी या नळ्यांतून फिरते आणि समोरून येणारी हवा त्याला थंड करते. ॲम्बॅसडर आणि पद्मिनीच्या काळापासून आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचे, विहिरीचे, बोअरचे, मिळेल ते पाणी भरण्याची सवय आहे. मराठवाडा, विदर्भ आणि अवर्षणग्रस्त पट्ट्यातल्या अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते. म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पाणी तापले की त्यात विरघळलेले बायकार्बोनेट मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरट थर नळ्यांच्या आत बसतो. गीझरच्या कॉइलवर चढतो तोच हा थर. तांब्यातून जितक्या सहज उष्णता वाहते, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही ती या थरातून वाहत नाही. जोडीला लोखंडी इंजिनातला गंज आणि गळणाऱ्या तेलाचा चिकटा असतोच.

कार्बोनेटवर आम्ल पडले की तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. त्यामुळे व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व यांच्या कृतीला शास्त्राचा आधार आहे, ही भोंदूगिरी नव्हे. व्हिनेगरमध्ये साधारण चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल असते, लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल. दोन्ही सौम्य आहेत, दोन्ही आपण खातो. तेलकट चिकट्यासाठी सोड्यासारखा अल्कली पदार्थ चालतो, हेही खरे. पण जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते आणि नंतरच्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे आहेत. ॲल्युमिनियम आम्लाला आणि अल्कलीला, दोघांनाही बळी पडते. काकांच्या पद्मिनीला जे चालले ते पुतण्याच्या पंधरा वर्षांच्या गाडीला चालेलच असे नाही. रेडिएटर फुटला तर नुकसान पैशाचे होते. त्याचे कौशल्य मेकॅनिककडे आहे, त्यामुळे त्याबद्दल एवढेच पुरे. माणसाचे काय होते, ते पाहू.

झाकणाखाली काय असते

बहुतेक लोकांना वाटते की रेडिएटरमध्ये उकळते पाणी, म्हणजे १०० अंश सेल्सिअसचे पाणी असते. ते त्याहून गरम असू शकते. रेडिएटरचे झाकण हे कुकरच्या शिटीसारखे काम करते. ते आतला दाब वाढू देते, कारण दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त दाब असेल, तर पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवच राहते. तापलेल्या इंजिनावर तुम्ही ते झाकण फिरवले की दाब क्षणात जातो आणि १२० अंशांच्या पाण्याला द्रव राहणे शक्य नसते.

थोडा हिशेब करू. रेडिएटर आणि इंजिन मिळून चार लिटर पाणी १२० अंशांवर आहे असे धरा. ते १०० अंशांवर येताना जी उष्णता मोकळी होते, तिच्याने सुमारे दीडशे ग्रॅम पाण्याची वाफ होते. दीडशे ग्रॅम म्हणजे जेमतेम एक कप. पण त्याची वाफ सुमारे अडीचशे लिटर जागा व्यापते. घरातल्या पाण्याच्या मोठ्या पिंपापेक्षाही जास्त. एवढी वाफ अंगठ्याच्या रुंदीच्या तोंडातून बाहेर पडताना उरलेले उकळते पाणी आपल्याबरोबर वर उडवते. आणि त्या वेळी त्या तोंडावर वाकलेला असतो तो माणसाचा चेहरा.

त्यामुळे भाजण्याची जागाही ठरलेली असते: हाताचा पंजा, पुढचा हात, छाती, मान आणि चेहरा. ६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची त्वचा खोलवर भाजायला साधारण पाच सेकंद लागतात, ७० अंशांना एक सेकंद पुरतो. १०० अंशांवर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. झाकणावर ओले फडके टाकून ते हळूच फिरवायचे, ही अनेक चालकांची पद्धत आहे. फडक्याने बोटांना चटका बसत नाही इतकेच, वाफेला ते अडवत नाही.

यावर एकच उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. थांबायचे. इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास, आणि रेडिएटरला हात लावून तो गार लागेपर्यंत. घाटात मागे रांग लागलेली असते, गाडीत मुले रडत असतात, पोचायची घाई असते, हे मला समजते. पण भाजलेल्या चेहऱ्याच्या ड्रेसिंगला जे आठवडे जातात, त्यापुढे अर्धा तास काहीच नाही. घरी साफसफाई करतानाही इंजिन पूर्ण गार असेल तरच झाकण उघडायचे.

एकावर एक ओतण्याची सवय

दुसरा धोका न्हाणीघरातल्या कपाटात आहे. एका पदार्थाने काम झाले नाही की आपण दुसरा ओततो. स्वयंपाकात ही सवय चालून जाते, रसायनात नाही.

सगळ्यांत निरुपद्रवी उदाहरण आधी घेऊ. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घातले की जोरात फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटते की सफाई जोरात चालू आहे. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात. उरते ते जवळजवळ निकामी खारट पाणी. बंद झाकणाखाली हा खेळ केला, तर फेसाचा दाब तेवढा वाढतो.

आता गंभीर उदाहरण. संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते. हे दोन एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने जो वायू सोडला, तोच हा. बंद पार्किंगमध्ये, खाली वाकून काम करणाऱ्या माणसाला तो जास्त लागतो, कारण क्लोरीन हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. डोळ्यांची आग, खोकला, छाती आवळणे ही लक्षणे लगेच दिसतात. त्यानंतर बरे वाटले तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते. म्हणून असा माणूस ‘आता ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याला तपासणीला आणायला हवे.

तिसरे उदाहरण तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पावडरीचे. तिच्यात कॉस्टिक सोडा असतो. तो ॲल्युमिनियमवर पडला की प्रचंड उष्णता आणि हायड्रोजन तयार होतो. हायड्रोजन ठिणगीने पेटतो आणि गरम कॉस्टिकचे शिंतोडे डोळ्यात जातात. डोळ्याच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला जास्त घातक. आम्ल पडले की पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि त्या थराने आम्ल काहीसे अडते. अल्कली पेशींच्या स्निग्ध आवरणाचा अक्षरशः साबण करते आणि आत शिरतच राहते. सुरुवातीला दुखणे कमी असले तरी बुबुळ कायमचे पांढरे पडू शकते.

हे सगळे पदार्थ ‘घरगुती’ आहेत. पण घरगुती हा पदार्थाचा गुण नव्हे. तो कुठे ठेवला आहे, एवढेच त्यातून कळते.

बाहेर निघालेले हिरवे पाणी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रेडिएटर साफ करायचा तर आधी त्यातला जुना द्रव काढावा लागतो. गेल्या काही दशकांत गाड्यांमध्ये नुसत्या पाण्याऐवजी कूलंट घालतात. महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती नाही, तरीही कूलंट लागते, कारण ते उकळण्याचा बिंदू वाढवते आणि गंज रोखते. बहुतेक कूलंटचा मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल असतो, साधारण निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी.

इथिलीन ग्लायकॉलला रंग नाही, वास जवळजवळ नाही आणि चव गोड आहे. गळती पटकन दिसावी म्हणून कंपन्या त्यात रंग घालतात: हिरवा, गुलाबी, नारिंगी. म्हणजे आपल्या डोळ्यांना ते वाळ्याचे, गुलाबाचे किंवा कोकमाचे सरबत. आणि काढलेले कूलंट आपण कशात भरतो? पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. ‘नंतर टाकू’ म्हणून ती बाटली जिन्याखाली, गॅलरीत किंवा गाडीच्या डिकीत राहते. उरलेले नवे कूलंटही असेच बाटलीत ओतून ठेवले जाते. उन्हाळ्याची सुट्टी, तहानलेली मुले आणि ओळखीच्या बाटलीत गोड, रंगीत द्रव. यापेक्षा वाईट योग जुळवून आणणे कठीण आहे.

किती प्यायले तर धोका? वैद्यकीय ग्रंथांत शुद्ध इथिलीन ग्लायकॉलची प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.४ मिलिलिटर अशी दिली जाते. दहा किलोच्या मुलासाठी ते १४ मिलिलिटर होते. निम्मे पाणी मिसळलेले कूलंट असेल तर २८ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. यापेक्षा कमी मात्रेतही गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून ‘एकच घोट घेतला’ हे समाधानाचे कारण नाही.

इथिलीन ग्लायकॉल मुळात तितकेसे विषारी नसते, विषारी ते आपल्या शरीरात होते. यकृतातले जे विकर दारू पचवते, तेच ग्लायकॉलचेही विघटन करते. त्यातून आधी ग्लायकोलिक आम्ल तयार होते, त्याने रक्त आम्लधर्मी होते. शेवटी ऑक्झॅलिक आम्ल तयार होते. ते रक्तातल्या कॅल्शियमला धरते आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत अडकतात.

हे सारे टप्प्याटप्प्याने घडते आणि फसगत तिथेच होते. पहिल्या काही तासांत रुग्ण दारू प्यालेल्यासारखा वागतो: तोल जातो, बोलणे अडखळते, उलट्या होतात, झोप येते. मात्र तोंडाला दारूचा वास नसतो. त्यानंतर श्वास जोरात चालू लागतो, हृदयाचे ठोके वाढतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. मे महिन्यात उलट्या आणि सुस्ती असलेले मूल आले की कोणत्याही डॉक्टरच्या मनात आधी उष्माघात येतो किंवा पोटाचा संसर्ग येतो. बाटलीची गोष्ट कोणी सांगितली नाही तर निदान हुकते. आणि उपचार सर्वांत परिणामकारक असतात ते नेमक्या पहिल्या काही तासांत, आम्ले तयार होण्यापूर्वी.

उपचार आहे आणि त्याचे तत्त्व साधे आहे. ते विकर दुसऱ्या कशात तरी गुंतवून ठेवायचे, म्हणजे ग्लायकॉल न मोडता लघवीवाटे किंवा डायलिसिसने बाहेर पडते. यासाठी फोमेपिझोल नावाचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०१३ पासून आहे. आपल्याकडे मात्र ते सहज मिळत नाही, म्हणून रुग्णालयात मोजलेल्या मात्रेत इथेनॉल, म्हणजे दारूतलेच अल्कोहोल, देऊन काम भागवावे लागते. हा उपाय रक्तातली साखर आणि शुद्ध यावर नजर ठेवून फक्त रुग्णालयात करायचा असतो. घरी मुलाला दारू पाजणे हा उपचार नाही, ती दुसरी विषबाधा आहे.

ओळखीची बाटली, अनोळखी द्रव

महाराष्ट्राला या कुळातल्या रसायनांची ओळख नवी नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन देण्याची तेव्हा पद्धत होती. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे इथिलीन ग्लायकॉलचेच भावंड, मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली आणि औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतले दोष उघडे पाडले. अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली आणि तिथला औषध कायदा बदलला. २०२२ मध्ये गांबियात मुलांच्या मृत्यूंनंतर भारतात तयार झालेल्या चार सिरपांत हीच दोन ग्लायकॉल सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला.

या घटना कारखान्यांच्या आणि सरकारी यंत्रणेच्या पातळीवरच्या आहेत, गॅलरीतल्या बाटलीशी त्यांची बरोबरी नाही. पण दोन्हींतला दुवा एकच आहे. माणसाने ज्या बाटलीवर विश्वास ठेवला, तिच्यात भलतेच काही होते. औषधांच्या बाबतीत आपण आयोग नेमतो, कायदे करतो. घरात तीच चूक आपण रोज सहज करतो. रॉकेल पाण्याच्या बाटलीत, फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत, दारावर येणाऱ्या विक्रेत्याचे ॲसिड दारूच्या जुन्या बाटलीत. रॉकेल प्यालेली लहान मुले ही आमच्या पिढीच्या डॉक्टरांसाठी वॉर्डातली नेहमीची गोष्ट होती. घरोघरी गॅस आला, रॉकेल कमी झाले, बाटल्यांची सवय मात्र तशीच राहिली.

रेडिएटरच्या पाण्यात आणखी एक पाहुणा असतो. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरचे सांधे शिसे आणि कथिलाच्या डाखाने जोडलेले असत. आम्लाने सफाई करताना थोडे शिसे पाण्यात उतरते. अमेरिकेत चोरून गाळलेली दारू थंड करायला जुने रेडिएटर वापरल्याने शिशाची विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून हे पाणी अंगणातल्या झाडांना घालू नये, विहिरीजवळ ओतू नये. उघड्या बादलीत किंवा रस्त्यावर थारोळे करून तर मुळीच सोडू नये. गोड पाणी म्हणून कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्यांना फार थोडे पुरते.

कोणी काय करावे

सर्व भार गाडीमालकाच्या शहाणपणावर टाकून आपण मोकळे होऊ नये. ओरेगॉन, कॅलिफोर्निया यांसारख्या अमेरिकी राज्यांनी कूलंटमध्ये अतिशय कडू पदार्थ मिसळणे कायद्याने बंधनकारक केले. डेनाटोनियम नावाचा हा पदार्थ अत्यल्प प्रमाणातही तोंडात धरवत नाही. कडूपणाने सगळे अपघात टळत नाहीत, कारण पहिला घोट गेल्यावरच चव कळते. तरी दुसरा घोट टळला तर तोही मोठा लाभ आहे. आपल्याकडे हे बंधनकारक व्हावे. डब्याला मुलांना उघडता येणार नाही असे झाकण असावे आणि ‘विष, पिऊ नये’ हा इशारा मराठीसह स्थानिक भाषेत ठळक छापलेला असावा. इथिलीनऐवजी कमी विषारी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे कूलंट तयार करता येते. ते महाग पडते, पण ग्राहकाला निवड तरी मिळावी.

ॲसिडची सुटी विक्री नियंत्रित करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये लक्ष्मी खटल्यात दिले. त्यामागे ॲसिड हल्ल्यांचे कारण होते. दारोदार बाटल्यांतून होणारी विक्री पाहिली की त्या आदेशांची धार किती उरली आहे, हा प्रश्न पडतो. जुने कूलंट कुठे द्यायचे याचे सोपे उत्तरही सामान्य गाडीमालकाला आज मिळत नाही. सर्व्हिस सेंटरांनी आणि मोठ्या गॅरेजांनी ते जुन्या ऑइलप्रमाणे परत घ्यावे आणि महापालिकांनी त्याच्या विल्हेवाटीची सोय करावी, ही मागणी अवाजवी नाही. शिवाय, डायलिसिसची सोय असलेल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात फोमेपिझोलचा थोडा साठा असावा. वर्षात ते एकदाच लागेल, पण त्या एका वेळी त्याला दुसरा तितका चांगला पर्याय नसतो.

आणि ज्याला रेडिएटर घरीच साफ करायचा आहे, त्याच्यासाठी डॉक्टरच्या नजरेतून काही गोष्टी:

इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. रेडिएटरचा विजेवरचा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही आपोआप सुरू होतो, म्हणून बोटे जपा. पाणी फिरवण्यासाठी इंजिन चालू ठेवावे लागले तर गाडी मोकळ्या जागेत असू द्या. बंद गॅरेजमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो. एका वेळी एकच पदार्थ वापरा, तोही सौम्य, आणि दुसरा वापरायचा तर आधी भरपूर साध्या पाण्याने धुऊन काढा. संडासाचे ॲसिड, ब्लीच आणि मोरीची पावडर या कामातून पूर्ण वगळा. चष्मा आणि हातमोजे घाला. मुले आणि पाळीव प्राणी दूर ठेवा. काढलेला द्रव कूलंटच्या मूळ डब्यातच भरा, झाकण घट्ट लावा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा. मूळ डबा नसेल तर ऑइलचा जुना डबा चालेल. खाण्यापिण्याची बाटली कोणत्याही परिस्थितीत नको.

काही झालेच तर वाफेने भाजलेल्या जागेवर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नको. डोळ्यात रसायन गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाण्याने धुवा आणि मग डॉक्टरकडे जा, आधी नव्हे. वायू नाकात गेला तर मोकळ्या हवेत या. कूलंट किंवा ॲसिड पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, शक्यतो डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात जा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देते. आणि रुग्णाबरोबर ती बाटली किंवा डबा जरूर आणा. रागावण्याच्या भीतीने मुले आणि लाजेने मोठी माणसे बाटलीची गोष्ट लपवतात. डॉक्टरला ती पहिल्या पाच मिनिटांत कळली तर पुढचे पाच दिवस वाचू शकतात.

जुनी गाडी चालती ठेवणे ही काटकसर आहे आणि काटकसर आपल्या घरांचा चांगला गुण आहे. रिकामी बाटली न टाकता तिच्यात काहीतरी भरून ठेवणे हीही आपल्याला काटकसरच वाटते. ही दुसरी काटकसर मात्र सोडायला हवी. आज जमले तर जिन्याखाली, गॅलरीत आणि गाडीच्या डिकीत एकदा नजर टाका. पाण्याच्या बाटलीत पाण्याशिवाय काही दिसले, तर त्याची व्यवस्था आजच करा.